टिटवीच्या बापावर मी सूड उगवला

मी स्टॉपवॉच बोलतोय. काळं प्लॅस्टिकचं अंग, वर दोन बटणं, गळ्यात दोरी. आधीच सांगून टाकतो, माझ्यात दयामाया शोधू नका. मी डूख धरतो.

जन्म कारखान्यातला. निळी टोपी घातलेल्या एका बाईने माझं बटण वीस वेळा दाबून पाहिलं आणि मला खोक्यात भरलं. तिथून मी एका शाळेच्या क्रीडाशिक्षिकेच्या हाती आलो. मुली पाठीमागे त्यांना शिट्टीबाई म्हणायच्या. सकाळी सहाला मैदान, आठशे मीटरची शर्यत आणि बाईंचा अंगठा माझ्या डोक्यावर. काय दिवस होते ते!

सगळ्यांत चपळ टिटवी. नववीतली, नुसते पायच पाय, म्हणून हे नाव. वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी मैदानावर लहान मुलींना रांगेत उभं करायची, हरली तर जिंकणारीला जाऊन टाळी द्यायची. घरीही वेळ लावून सराव करता यावा म्हणून शिट्टीबाईंनी विश्वासाने मला तिच्याबरोबर पाठवलं आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

तिचा बाप कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर. कामगार कधी आला, कधी गेला, हे बावीस वर्षं लिहितोय. मला पाहून त्याचे डोळे चमकले. रोज संध्याकाळी तो अभ्यासाच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसायला लागला. गणित सुरू, बटण. गणित संपलं, बटण. वेळ वहीत. महिन्याभराने चाचणीत टिटवीचे दहा गुण घसरले.

"पळणं बंद!" तो म्हणाला. "सकाळी दमते आणि संध्याकाळी पेंगते."

"अहो, कुठे पेंगते ती?" आई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

बूट माळ्यावर गेले आणि मी बापाच्या खिशात. आता माझा आवाज ऐकला की टिटवी दचकायची, नखं कुरतडायची, अर्ध्या ताटावरून उठायची. मला असा संताप यायचा! मनात आणलं असतं तर बंद पडलो असतो, पण त्याने दुसरं आणलं असतं. म्हणून मी दात-ओठ खात अगदी चोख चालत राहिलो. त्याची एक खोड माझ्या ध्यानात आली होती. फाटकावर वेळा लिहायच्या आणि वही साहेबाकडे पाठवायची, एवढंच त्याचं काम. लिहिलेलं पान उलटून वाचायची त्याला सवयच नव्हती.

दोन महिन्यांनी शिट्टीबाई मला न्यायला आल्या. बापाने तोऱ्यात वही पुढे केली. "बघा, अभ्यास असा घेतात!"

बाई पानं उलटत राहिल्या. "ती पळत होती तेव्हा एका गणिताला सहा-सात मिनिटं. आता अकरा, तेरा. अक्षर तुमचंच ना?"

"गणितं अवघड झाली असतील."

"तीच आहेत, बाबा," टिटवी म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला आवाज फुटला होता. "तुम्हीच पहिल्यापासून परत सोडवायला लावलीत."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला भलताच आनंद झाला. आईने स्टूल ओढलं आणि बूट खाली काढले.

पण तेवढ्याने माझं पोट भरलं नाही. आंतरशालेय शर्यतीत शिट्टीबाईंनी पालकांनाही कामाला जुंपलं. "तुम्ही यातले जाणकार, टिटवीची वेळ तुम्हीच घ्या," म्हणून मला त्याच्याच हातात ठेवलं. शिट्टी झाली, त्याने बटण दाबलं. पहिल्या फेरीला टिटवी पाचवी होती. मग चौथी, तिसरी. हा गृहस्थ आधी टाचा उंचावून बघत होता, मग बेंबीच्या देठापासून ओरडायला लागला, "पळ गं, पळ!" ती दुसरी आली तेव्हा हा उड्या मारत होता.

ती धापा टाकत आली. "बाबा, किती लागले?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाच मिनिटं उलटली होती आणि मी चालूच होतो. बटण दाबायचं तो विसरला होता.

"मला... नाही गं माहीत," चारचौघांत त्याला म्हणावं लागलं. टिटवी पोट धरून हसली. त्याचा अंगठा येईपर्यंत मी एकेक सेकंद त्याच्या डोळ्यांत खुपसला आणि सगळं उट्टं काढलं.

हल्ली मी पुन्हा शिट्टीबाईंच्या गळ्यात असतो. बाप रोज मैदानाच्या कडेला येतो, पण मला हात लावायला धजत नाही. पोरांचा खेळ बंद करून अभ्यास घेऊ पाहणाऱ्या आई-बापांनो, मला खुशाल घरी घेऊन जा. मी वाट बघतोय.