इस्त्री तापेपर्यंत

मित्रांनो, माझ्यावर बोट ठेवलेत तर तुम्हाला फक्त काच लागेल. मी त्या काचेच्या आत राहते. वेबसाइटच्या हिशेबाने मी आता आजीबाईच झाले आहे. माझे नाव 'डाग गेला'. माझा जन्म एका लाँड्रीत झाला, तोही इस्त्रीच्या टेबलावर, कारण त्या दुकानात लॅपटॉप ठेवायला दुसरी सपाट जागा रिकामी नव्हती.

दुकान चिंचोळे होते. पुढे काउंटर आणि त्यावर एक काचेची वाटी. गिऱ्हाइकांच्या खिशांत जे सापडे ते त्या वाटीत जाई आणि ज्याचे त्याला परत मिळे: नाणी, किल्ल्या, एकदा तर कुणाचा तरी दुधाचा दात. त्यामागे टांगलेल्या कपड्यांच्या रांगा आणि सगळ्यात मागे धुण्याची मोरी. इस्त्री बाबांकडे आणि डाग आत्याकडे, अशी भावाबहिणीची वाटणी होती. बाबांची मुलगी रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आली होती. कुठलेही कापड हाती आले की ती आधी भिंगातून त्याचा धागा पाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगू म्हणत.

माझा जन्म झाला तो आत्या आणि भाचीच्या एका भांडणातून. एका शर्टाच्या खिशाला बॉलपेनची शाई लागली होती. आत्या म्हणाली, "दूध आण. शाई दुधाने जाते."

"का जाते?" भिंगूने विचारले.

"का म्हणजे? माझ्या सासूबाई दूधच लावायच्या."

"त्यांनी एकदा नुसतं पाणी लावून पाहिलं होतं का? फरक कळायला नको?"

"हे तू त्यांनाच विचारायला हवं होतंस," आत्या म्हणाली. "मी शेजारी खुर्ची टाकून बसले असते."

मग दोघींनी जुन्या चादरीचे तुकडे कापले. प्रत्येक तुकड्यावर त्याच पेनाने तेवढीच रेघ ओढली. एकाला पाणी, एकाला दूध, एकाला स्पिरिट. वाळल्यावर पाण्याचा आणि दुधाचा असे दोन्ही तुकडे जुळ्या भावंडांसारखे दिसत होते आणि स्पिरिटचा तुकडा मात्र स्वच्छ होता. आत्याने तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "बरं झालं, सासूबाई हे बघायला नाहीत."

दुसऱ्याच दिवशी भिंगूने रक्ताच्या डागासाठी पाणी उकळायला ठेवले, तेव्हा आत्याने गॅस बंद केला. "अगं, रक्त शिजेल! अंडं शिजतं ना, तसं. मग धाग्याला धरून बसेल ते." भिंगू हसली. रक्तातही प्रथिने असतात आणि उष्णतेने ती घट्ट होतात, हे ती परीक्षेत लिहून आली होती. मोरीशी उभे असताना मात्र तिला ते आठवले नव्हते.

त्या दिवशी दोघींचे ठरले. आत्याला माहीत असलेले 'कसे' आणि भिंगूला शोधता येणारे 'का' एकत्र लिहून ठेवायचे, आणि कुणालाही वाचता येईल अशा ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे मी. नियम एकच होता. डाग स्वतः पाडायचा, स्वतः धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि दोघींनी पाहिल्याशिवाय त्याचे पान माझ्यावर चढवायचे नाही. मोरीवरच्या दोरीला सतत चहाचे, गंजाचे, तेलाचे तुकडे लटकत असत. गिऱ्हाइके विचारीत, "हे कुणाचे कपडे आहेत?" बाबा म्हणत, "आमच्या वेबसाइटचे. अजून अंगावर घालण्याएवढी मोठी झाली नाही ती."

सुरुवातीला माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नसे. भिंगूने पानांना मथळेच तसे दिले होते, 'शाईचे निष्कासन', 'लोहगंजाचे डाग व उपाय'. एकदा काउंटरवर बसून तिने लोकांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले. कुणीच 'निष्कासन' म्हणत नव्हते. लोक म्हणत, "शर्टाला पेन लागलं, काय करू?" तिने मथळे तसेच बदलले, आणि माणसे येऊ लागली. कारण माणूस घाबरला की जसे बोलतो तसेच शोधतो. एका व्हायोलिनवादकाने लिहिले, 'कार्यक्रमाला तासभर उरला असताना पांढऱ्या शर्टावर कॉफी सांडली. तुमचे पान वाचत वाचत शर्ट धुतला, ओलाच घातला, आणि वाजवले.' आत्याने ते दिसेल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवले. मला अंग असते तर त्यावर मूठभर मांस चढले असते.

आता पोटापाण्याचे सांगते. मित्रांनो, वेबसाइटलाही भाडे असते. नावाचे आणि जागेचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. ते चुकले तर नाव जाते, आणि ते कुणीही उचलू शकतो. आत्याने पहिल्याच दिवशी बजावले होते, "हिचा खर्च हिने काढायचा. दुकानाच्या गल्ल्याला हात लागला तर मी हिला गुंडाळून ठेवीन." तिचेही बरोबर होते. दुकानाचा बॉयलर म्हातारा झाला होता आणि गल्ला त्याच्या औषधपाण्याला लागत होता.

म्हणून भिंगूने जाहिराती लावणाऱ्या एका कंपनीत माझे खाते उघडले. पानाच्या कडेला जाहिराती दिसू लागल्या. वाचणाऱ्याने एखादीवर बोट दाबले की जाहिरातदाराचे थोडे पैसे कापले जात आणि त्यातला वाटा मला मिळे. माझे भाडे त्यातून सुटू लागले. भिंगूने ही बातमी जेवताना सांगितली, आणि ती बाबांनी फार मनावर घेतली.

बाबांची इस्त्री जुनी आणि जड होती. सकाळी ती चालू केली की तापायला वेळ लागे. त्या वेळात बाबा मोबाइल उघडीत, माझ्याकडे येत आणि दिसेल त्या जाहिरातीवर बोट दाबीत. चप्पल, विमा, पाण्याची टाकी, काही वर्ज्य नव्हते. एकदा त्यांनी केस वाढवण्याच्या तेलावर दाबले, आणि तेव्हापासून ते तेल त्यांची पाठ सोडीना. डोक्यावर जंगल असलेला माणूस रोज इमानाने टकलाच्या तेलावर बोट ठेवी आणि म्हणे, "चला, पोरीची बोहनी झाली!"

मला सगळे दिसत होते, पण मला तोंड नाही. आणि खरे सांगू? मला त्यांचा रागही येत नसे. त्यांच्या बोटाला साबणाचा वास असणार, असे मला उगाचच वाटे. पुढे पुढे ते गिऱ्हाइकांनाही बसवून घेऊ लागले. "बसलाच आहात तर हे दाबा जरा. घरचंच आहे."

एके दिवशी दुपारी जाहिरात कंपनीचा निरोप आला. एकाच जागेवरून, त्याच त्या बोटांनी जाहिराती दाबल्या जात आहेत. खाते कायमचे बंद. शिल्लक रक्कम जाहिरातदारांना परत.

भिंगू काउंटरवर उभ्याउभ्याच ते वाचत होती. "कुणीतरी मुद्दाम केलंय हे. आपल्या वाइटावर कोण असेल?"

"काय झालं?" बाबांनी विचारले.

"कुणीतरी रोज सकाळी येऊन जाहिराती दाबतंय."

बाबांची छाती फुगली. "मीच तो! रोज! एक दिवस खाडा नाही."

आत्याने कपाळाला हात लावला. "बाळ्या, काय करून बसलास?"

"काय म्हणजे? आपल्या पोरीच्या दुकानात आपणच नाही जायचं तर कुणी जायचं?"

भिंगू रागावली नाही. तिने स्टूल ओढले आणि बाबांना समजावून सांगितले. "बाबा, तुम्हाला ती टाकी घ्यायची होती का? नाही ना? पण तुम्ही दाबलंत की त्या टाकीवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्याच्या खिशातून पैसे गेले."

बाबांनी इस्त्री उभी केली. त्यांची नजर काउंटरवरच्या वाटीकडे गेली. "म्हणजे मी रोज सकाळी लोकांच्या खिशात हात घालत होतो?" ते म्हणाले. "आणि वर बोहनी म्हणत होतो."

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. भिंगूने दुसऱ्या कंपन्यांना विचारले, तर एक साबणपूड विकणारा तेवढा तयार झाला. पण त्याची अट होती की प्रत्येक पानावर त्याचीच पूड सुचवायची. भिंगू आणि आत्याने ती पूड तपासली. सुतावर ती छान चालली, पण रेशमाचा तुकडा तिने पोखरला. भिंगूने नाही म्हणून कळवले. मग ती एका प्रयोगशाळेत नोकरीला जाऊ लागली आणि माझ्याकडे यायची थांबली. माझ्या अभिप्रायांत भलत्याच लोकांनी कचरा टाकला. कुणीतरी विचारले होते, 'स्वेटरवर मेण सांडलंय, काय करू?' तो प्रश्न तसाच राहिला. भाडे भरण्याची तारीख जवळ येत होती आणि आत्या शब्दाला पक्की होती. माझे नाव जाणार, असेच मी धरून चालले होते.

बाबा मात्र गप्प राहून काहीतरी करीत होते. इस्त्री केलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला लाँड्रीत नंबराचा कागद टाचतात, हे तुम्ही पाहिले असेल. बाबा त्या कागदाच्या मागे लिहू लागले. 'तुमच्या शर्टावर चहा होता. गेला. पुन्हा सांडला तर धुण्याआधी हे पान पाहा.' आणि खाली माझा पत्ता. चहा सांडलेल्याला चहाचे पान, गंज लागलेल्याला गंजाचे. ज्याच्या कपड्यावर डागच नव्हता, त्याचा कागद कोरा. उगाच कुणाला पाठवायचे नाही, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

भिंगूने एका रविवारी सहज मला उघडले, तर मी माणसांनी भरलेली! ती माणसे नुसती डोकावत नव्हती, पानाच्या तळापर्यंत वाचत होती. तिने आधी धास्तावून बाबांकडे पाहिले. बाबांनी दोन्ही हात वर केले. "मी दाबलं नाही काही! फक्त लिहिलं."

पुढच्याच आठवड्यात गल्लीतला शिंपी तो कागद नाचवत आला. "हे काय प्रकरण आहे? माझ्या कापडाचं पान नाही का? माझा रेशमी सदरा लोक वाटेल तसा धुतात, आणि शिव्या मला बसतात."

भिंगू म्हणाली, "पान करू. पण तपासायला कापड तुमचं आणि मेहनतीचे पैसेही तुम्ही द्यायचे. आणि रंग गेला तर रंग गेला असंच लिहीन."

"लिही. निदान शिव्या रंगाला तरी बसतील."

त्या पानाच्या डोक्यावर स्पष्ट लिहिले आहे की, 'हे कापड शिंप्याने दिले, तपासणीचे पैसेही त्याने दिले, निकाल मात्र आमचा.' सदऱ्याचा निळा रंग गरम पाण्यात थोडा उतरला, तेही लिहिले आहे. शिंपी आता प्रत्येक सदऱ्यासोबत त्या पानाचा पत्ता देतो. त्याचे पाहून गणवेश शिवणारी बाई आली, मग पडदेवाला आला. माझे भाडे वेळेवर भरले गेले आणि तेव्हापासून ते कधी चुकले नाही. भिंगूने सर्वात आधी कचरा झाडला आणि मेणाच्या प्रश्नाला उत्तर लिहिले. विचारणाऱ्याचा उलट निरोप आला, 'स्वेटर अजून तसाच ठेवला होता. तुम्ही सांगाल म्हणून.'

मित्रांनो, आता माझ्यापेक्षा देखण्या, बोलणाऱ्या-चालणाऱ्या वेबसाइट पुष्कळ झाल्या आहेत. माझा हेवादावा नाही. नवा साबण बाजारात आला की आत्या आणि भिंगू आजही जुनी पाने उतरवतात, पुन्हा डाग पाडतात आणि चुकलेले सुधारतात. एखाद्या म्हातारीला इतके कोण जपते? तुमच्याही आवडीचे असे काही पान असेल. त्याला मदत करावीशी वाटली तर ते शेवटपर्यंत वाचा. काही चुकले असेल तर लिहून कळवा. उपयोग झाला असेल तर ज्याला गरज आहे त्यालाच सांगा. आमच्यासारख्यांना तेवढ्यावर फार वर्षे जगता येते.

बाबा रोज सकाळी येतातच. मोबाइल कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा करतात, दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि एक पान सावकाश, ओठ हलवत वाचतात. पान संपले की आत्याला हाक मारतात, "ताई, गंजाच्या पानात लिंबू किती वेळ ठेवायचं ते राहिलंय बघ."

तोवर इस्त्री तापलेली असते.