घड्याळ कोणी थांबवायचं

ऑफिसात तिला सगळे करारबाई म्हणत. कंपनी दवाखान्यांचे फ्रीज दुरुस्त करायची. तक्रार आल्यावर किती तासांत माणूस पोचेल, किती तासांत फ्रीज चालू होईल, हे दवाखान्याशी बसून ठरवायचं, लिहून काढायचं आणि पुढे वर्षभर ते पाळलं जातंय की नाही ते बघायचं, एवढं तिचं काम. लग्न लावून देणं सोपं, नांदवणं अवघड, असं ती नव्या माणसाला समजवायची.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली आणि चौथ्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. बाळंतिणींच्या मोठ्या दवाखान्याचा करार महिनाअखेरीला संपत होता. नव्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त नवजात बाळांच्या विभागातल्या मोठ्या सिस्टर सही करत नव्हत्या.

"एवढा सोन्यासारखा अहवाल," साहेब म्हणाले. "वर्षात एकेचाळीस तक्रारी, त्यातल्या चाळीस वेळेत. आणखी काय हवंय त्यांना? जा, बोलून बघ. आणि हे बघ, तुझी खुर्ची आम्ही इतके महिने राखून ठेवली. हा दवाखाना हातचा गेला तर कुणाकुणाच्या खुर्च्या राहतील, देव जाणे."

म्हणजे सही आणली तर नोकरी. तिने मान डोलावली आणि निघाली.

मोठ्या सिस्टर उंचीने लहान होत्या. चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी करारबाईला खुर्ची दिली नाही, सरळ फ्रीजपाशी नेलं. आत छोट्या छोट्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर आईचं नाव आणि वेळ.

"वेळेआधी झालेली बाळं," सिस्टर म्हणाल्या. "ओढायची ताकद नसते. आया दर तीन तासांनी उठून दूध काढून देतात. तुमचा फ्रीज बंद पडला, तुमचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. मी सतरा बाटल्या मोरीत ओतल्या. आणि आयांना कुणी सांगितलं? मीच."

करारबाईच्या पिशवीत सकाळी ऑफिसच्या फायलींच्या खोलीत दाराला कडी लावून काढलेली बाटली होती. एवढीशी बाटली भरायला किती वेळ लागतो, हे तिला मिनिटांत माहीत होतं.

"पण सिस्टर, अहवालात तर…"

"अहवाल तुमचा. वही माझी." सिस्टरांनी खिशातून एक मळकी वही काढली. फोन केल्याची वेळ, माणूस दारात आल्याची वेळ, दोन रकाने. एकेचाळीस फोन. त्यातले सतरा दुसऱ्या दिवसावर गेलेले.

एकीकडे एक उशीर, दुसरीकडे सतरा. मग मधले सोळा गेले कुठे?

ऑफिसात परत येऊन तिने फोनकाकांना गाठलं. तक्रारी घेणं आणि माणसं पाठवणं हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. कानाला फोन आणि हातात चहा नसेल तर काका आजारी आहेत असं समजावं.

"त्यात काय लपवायचंय?" काका म्हणाले. "चार तासांत माणूस पोचवायचा ना? साडेतीन तास झाले, माणूस मोकळा नाही, की मी फोन लावतो. 'आज थोडं अवघड दिसतंय, उद्या सकाळी चालेल का?' समोरचा म्हणतो, 'बरं, उद्या तर उद्या.' झालं! ग्राहकाने वेळ मागितली. घड्याळ थांबवायचं, सकाळी चालू करायचं."

"काका, त्यांनी कुठे मागितली? तुम्ही विचारलंत म्हणून हो म्हणाले."

"आणि ही सोय दिली कुणी?" काकांनी चहाचा घोट घेतला. "कलम सात वाच. तुझंच अक्षर आहे, बाई."

खरंच होतं. एकदा ऑपरेशन चालू होतं म्हणून माणसाला दवाखान्याच्या दाराबाहेर दोन तास ताटकळत बसवलं होतं, आणि वर उशिराचा ठपका कंपनीवर आला होता. तेव्हा तिनेच लिहिलं होतं: ग्राहक पुढची वेळ सांगेल तर मधला वेळ मोजू नये. तिने दार थोडं किलकिलं ठेवलं होतं आणि काकांनी त्यातून हत्ती नेला होता. तोही कुठला नियम न मोडता.

तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"कलमाबाहेर काही झालंय?"

"नाही."

"मग शुक्रवारी बैठकीत चाळीसचा आकडा दाखव. वाटलं तर चाराचे तीन तास करून दे. खूश होतील. आणि वहीबिही काही बोलू नकोस. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस असते काही जणांना."

त्या संध्याकाळी फोनवर 'निघाले' असा निरोप तिने घरी पाठवला आणि मग कागद आवरले. नंतर ऑफिसचं एक राहिलेलं पत्र लिहिलं. घरी पोचली तेव्हा सासूबाई ठकीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. ठकी आठ महिन्यांची. रडून रडून नाक लाल झालेलं. आईला बघून तिने आधी रुसून तोंड फिरवलं, मग झेपच घेतली.

"तुला एक सांगू?" सासूबाई म्हणाल्या. "राग मानू नकोस. तुझं 'निघाले' येतं ना, तेव्हा तू निघालेली नसतेस."

"आई, अहो, निघतच होते…"

"निघत होते आणि निघाले यात अर्धा तास असतो. तू सहाला येतेस असं आपलं ठरलंय. मी हिला सहाला दारात आणते. ही दाराकडे बघत बसते. कोण येतंय? कुणी नाही. मग भोकाड. तेव्हा भरवायला गेलं तर खात नाही. तू आपली सात म्हण की! सात म्हणालीस तर मी साडेसहाला हिला पोटभर भरवीन आणि सातला दारात येईन. उशीर होतो त्याचं काही नाही गं. कधी होणार ते कळत नाही, त्याचं आहे."

ठकी मांडीवर झोपेपर्यंत करारबाई त्या वाक्याशीच बसून होती. मग एका हाताने, मुलीला धक्का न लावता, तिने नवा कागद लिहायला घेतला.

शुक्रवारी बैठकीला सिस्टर आल्या आणि वही टेबलावर ठेवली. साहेबांनी चाळीसचा आकडा सांगितला, तीन तासांचं आश्वासन दिलं. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"तुम्ही सांगा, बाई. तुम्ही फ्रीज उघडून बघितलाय. किती वेळेत आले तुमचे लोक?"

साहेबांनी टेबलाखालून तिच्या पायाला बूट लावला. तिने पाय मागे घेतला.

"चोवीस," ती म्हणाली. "सोळा वेळा आम्ही घड्याळ थांबवलं. ती पळवाट माझ्याच कलमाने दिली होती. आणि तीन तास जमणार नाहीत. चारही नाहीत. आमची माणसं मोजून बघितली, सहा जमतील. पण तुमचा फोन लागल्यापासून सहा. घड्याळ थांबवायचं तर ते फक्त तुम्ही, तुमच्या वहीत, तुमच्या सहीने."

साहेबांचे कान लाल झाले होते.

"सहा," सिस्टर हळूच म्हणाल्या. "सहा म्हणजे सहाच ना? मग फ्रीज बंद पडल्या पडल्या मला बाटल्या वरच्या मजल्यावर हलवता येतील. चाराच्या आशेवर मी बसून राहायचे, आणि दूध नासायचं." त्यांनी चष्मा लावला. "तीन महिन्यांसाठी सही करते. वर्षाचं नंतर बघू."

गाडीत साहेब एवढंच म्हणाले, "तीन महिने तुलाही."

ते तीन महिने सरळ गेले नाहीत. काका आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत, मग बोलले तेही चहा संपल्याचं सांगायला. पण साडेतीन तासांनंतरचा फोन त्यांनी बंद केला. मोकळा माणूस नसला की दुसऱ्या भागातला माणूस वळवायला लागले. घरी ती आता सात म्हणायची, आणि फाटकाबाहेर पाऊल पडल्याशिवाय 'निघाले' पाठवायची नाही.

तीन महिन्यांचा अहवाल तयार झाला. नऊ फोन, सात वेळेत, दोन उशिरा. साहेबांनी तो दोनदा वाचला. "असला अहवाल मी जन्मात पाठवला नाही," म्हणाले, आणि पाठवला.

दुपारी सिस्टरांचा फोन आला. करारबाई फायलींच्या खोलीत होती. तिने बाटलीचं झाकण लावलं, चिकटपट्टीवर वेळ लिहिली आणि मग फोन घेतला.

"बाई, तुमचा अहवाल चुकलाय."

"काय झालं, सिस्टर?"

"दोन नाही, एकच उशीर आहे. दुसऱ्या वेळी बाळाला नळी घालणं चालू होतं, तुमच्या माणसाला मीच तासभर बाहेर बसवलं होतं. वहीत माझी सही आहे. तुमच्या काकांनी विचारलं नाही वाटतं?"

"नाही," ती म्हणाली. "हल्ली ते विचारत नाहीत."

"विचारत जा म्हणावं. मी खरं तेच सांगेन. नऊपैकी आठ करा आणि वर्षाचा कागद घेऊन या. आणि येताना सहाचे सातबीत करून आणू नका."