पुढून चार इंच

माझ्या हातून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नाही, असं मी तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलोय. स्प्रिंग, शॉकअप, पाटे, स्टिअरिंग, गाडीच्या पोटाखालचं जे काही असेल ते माझं. कामाआधीचं आणि कामानंतरचं माप मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहितो. माप घेतल्याशिवाय पान्याला हात लावत नाही आणि माप घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही. या सवयीचा मला गर्व होता. होता म्हणतो, कारण आता त्या भिंतीकडे बघवत नाही.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिच्या किडन्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी यायचं. एक खेप चुकली की अंगात पाणी साठतं, दोन चुकल्या की श्वास लागतो. भाऊजी माल पोचवतात, त्यांची पिकअप आहे, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, जुनी पण ठणठणीत. तीच ताईची रुग्णवाहिका.

त्यांचं घर टेकाडावर. वाटेत रस्त्याखालची मोरी खचली आणि तिथे दगडांचा एक उंचवटा तयार झाला. भाड्याच्या गाड्या तिथूनच हात जोडून परत फिरायला लागल्या. पिकअप मागून मुळातच उंच, मालासाठी. पुढून मात्र नाक खाली घालून चालणारी. भाऊजी तिरकी घालून कशीबशी काढायचे. एक दिवस इंजिनाखालच्या चेंबरला दगड लागला, तेल सगळं रस्त्यावर, आणि त्या दिवसाची खेप चुकली. पुढचे दोन दिवस ताईला आडवं होता येईना. बसल्या जागी उशीला कवटाळून ती एकेक श्वास ओढत होती आणि आम्ही दोघं नुसते बघत होतो.

चेंबर बदलायला भाऊजी माझ्याकडे आले ते ठरवूनच. म्हणाले, "पुढून चार इंच उचल. पुन्हा घासता कामा नये."

मी उचलली. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असती तर पुढच्या चाकांकडे जाणारे दांडे आडवे आले असते. हिच्या पुढच्या चाकांना फक्त फिरायचं आणि वळायचं, म्हणून उचलणं सोपं. सोपं म्हणून लोक वाट्टेल ते करतात, स्प्रिंगखाली लोखंडाचे तुकडे सरकवतात आणि महिन्याभरात चाकाच्या सांध्यातल्या बॉल जॉइंटची वाट लावतात. मी तसलं काही केलं नाही. लांब स्प्रिंग घातल्या, लांब शॉकअप घातले, चाकं धरून ठेवणारे वरचे आर्म बदलले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ब्रेकचे पाइप ताणले जात होते, म्हणून तेही लांब घातले. शेवटी चाकांचं अलाइनमेंट केलं. भाऊजी दिवसभर माझ्यासोबत गाडीखाली होते. चेहरा तेलाने काळा, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं. नवं माप मी भिंतीवर लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन टेकाडावर गेलो. मोरी आली तसा मी खिडकीतून कान खाली लावला. गाडी चढली, उतरली, कुठेही लागली नाही. भाऊजींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला.

ताई अंगणात आली. गाडीभोवती सावकाश फिरली, डावीकडचं दार उघडलं, सीटवर तळहात ठेवला आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. तो हात तिच्या छातीच्या उंचीवर होता, हे मी बघितलं. बघितलं, पण मला काहीही कळलं नाही.

"छान झाली," ती म्हणाली आणि आत गेली.

सकाळी हॉस्पिटलला निघताना ताईला गाडीत चढता येईना. गुडघा तेवढा वर जायचाच नाही. चाकापासून मडगार्डपर्यंत, जमिनीपासून चेंबरपर्यंत आम्ही सगळं मोजलं होतं. जमिनीपासून सीटपर्यंत किती आणि ताईचा पाय उचलतो किती, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं. दोघं बाप्ये, हातात टेप, आणि डोक्यात फक्त गाडी. त्या दिवशी भाऊजींनी तिला उचलून बसवलं. मी कळलं तसा धावत गेलो आणि संध्याकाळपर्यंत दाराखाली लोखंडी पायरी वेल्ड करून दिली. झालं काम, असं वाटलं मला. माझा तो स्वभावच आहे, काहीतरी जोडलं की झालं काम.

पुढच्या खेपेला पायरीवरून ती चढली. येताना काय होणार हे आम्हाला कळायला हवं होतं. मशीनवरून उतरल्यावर तिचं ब्लडप्रेशर पडतं, पायात जीव नसतो. हॉस्पिटलच्या फाटकासमोर ती पायरीवरून घसरली आणि रस्त्यावर बसली. चार अनोळखी माणसांनी तिला पोत्यासारखं उचलून आत टाकलं. साडी गुडघ्यापर्यंत वर गेलेली, आणि ताई ती नीट करायच्याही भानगडीत पडली नाही, असं भाऊजी म्हणाले. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्यानंतरच्या खेपेला ताई उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, आता नाही. भाऊजी समजावून थकले, ओरडले, जेवण टाकलं. डॉक्टर फोनवर बोलले. ती सगळ्यांना हो म्हणायची आणि उठायची नाही.

चौथ्या दिवशी मी जॅक आणि पाने घेऊन गेलो. दोन इंच तरी खाली घेऊ, मोरीचं पुढे बघता येईल, असा माझा हिशोब. चाकाजवळ जॅक लावला तेवढ्यात तिने खिडकीतून हाक मारली. मी तसाच काळ्या हातांनी आत गेलो. तिचे पाय सुजून चकाकत होते.

"खाली घेऊ नकोस," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की चूक माझी आहे, तासाभरात सारखी करतो. ती हसली. लहानपणी मी सायकल मोडून ठेवायचो आणि दुरुस्त करतो म्हणायचो, तेव्हा हसायची तशी.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं रे. पण तुम्ही दोघं इतके खूश होतात. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, आता कुणी मला न्यायला नको." मग दम घेऊन म्हणाली, "शेवटी नेणारच आहात मागे हौद्यात आडवी ठेवून. तेव्हा मला चढावं लागणार नाही. पण मोरीपाशी आपटू नका. तेवढं उंच राहू दे."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेलाची पर्वा न करता. बाहेर येऊन मी जॅक काढला.

नवव्या दिवशी आम्ही तिला नेलं. भाऊजी गाडी चालवत होते, मी मागे हौद्यात तिच्या उशाशी. मोरी आली तसा त्यांनी वेग अगदी कमी केला आणि मी सवयीने कान खाली लावला. पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची. गाडी कुठेही घासली नाही.