झडपेखालची बनात

आल्बिन ट्रेगरचं लग्न एका बटणावर अडलं होतं. ओटिलियाच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं, आणि नावाआधी 'डॉक्टर' लागल्याशिवाय आमच्या मुलीची आशा धरू नका, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिच्या आईला मात्र धीर नव्हता. बेकरीत राईचा पाव घेताना ती लेकीला आत्तापासूनच 'फ्राउ डॉक्टर', म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणे. जर्मनीतल्या त्या सॅक्सन गावात नवऱ्याची पदवी बायकोला आयती मिळे. नवऱ्याने ती तेवढी कमवायची.

कमवायची जागा म्हणजे प्रोफेसर हेलविग यांची प्रयोगशाळा. तिथे एकजण अंधाऱ्या खोलीत बसे आणि भिंतीतल्या भोकातून उजेड चमकला की बटण दाबी. बाहेरच्या खोलीत दुसरा दिव्यासमोरची फट असलेली पत्र्याची झडप पाडी; फट दिव्यासमोरून जाताना उजेड चमके, आणि बटण दाबेपर्यंतचा वेळ तो मोजी. उजेड प्रखर असला की हात लवकर हले, अंधुक असला की रेंगाळे. उजेड किती वेळ राहिला, याने एका मर्यादेपुढे फारसं बिघडत नसे. सगळ्यांचं हे असंच होई, फक्त प्रोफेसरसाहेबांचं होत नसे. दिव्यापुढे काळपट काचा कितीही चढवा, त्यांचा हात तसाच चपळ.

"मन तयार असलं ना ट्रेगर, की उजेडाची मिजास चालत नाही," ते म्हणत.

आल्बिनचा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता. प्रबंध विद्यार्थ्याचा, सिद्धांत गुरूंचा आणि बटणावरचं बोटही गुरूंचंच, अशी तिथली रीत होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

एका दुपारी कॉफी झाल्यावर आल्बिन ओटिलियाच्या विचारात दिवा लावायलाच विसरला. झडप टक् करून पडली आणि आतून बटण दाबलं गेलं, नेहमीइतक्याच चपळाईने.

"हा मात्र फारच अंधुक ठेवलात हं," आतून साहेब खुशीत म्हणाले. "तरी पकडला की नाही?"

"पकडलात, प्रोफेसरसाहेब," आल्बिन म्हणाला, आणि त्याची नजर न पेटवलेल्या वातीवर गेली. म्हातारा झडपेच्या आवाजाला बटण दाबत होता. ऐकून हात लवकर हलतो, बघून उशिरा, हे साहेब स्वतःच पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवत.

त्याने हे शेजारच्या टेबलावरच्या हुगो लेन्ट्सच्या कानावर घातलं. हुगो तिथे आल्बिनच्याही आधीपासून घासत होता, त्यामुळे त्याला शहाणपण आलं होतं.

"मग तुझ्या पोटात का दुखतंय?" हुगो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पदवी घे आणि लग्नाला मला बोलाव."

"अरे, पण ते खोटं आहे."

"खोटं तू बोललास का? तू फक्त मोजलंस. आता गप मोज."

आल्बिनला ते पटलंही असतं, पण त्याचं डोकं फिरलं होतं. या माणसाच्या तयार मनाचे गोडवे आपण पानंच्या पानं गायले, आणि हा तर ताटलीचा आवाज आला की उठणाऱ्या मांजरासारखा. दुसऱ्या दिवशी, झडप जिथे आदळे तिथे त्याने बनातीची, म्हणजे लोकरी कापडाची, जाड पट्टी चिकटवली. साहेबांना उघडं पाडायचं, मग पदवी गेली तरी बेहत्तर, असं त्याने सकाळी तरी ठरवलं होतं.

साहेब आत बसले. आल्बिनने अंधुक उजेडावर झडप सोडली. आवाज झाला नाही आणि बटणही दाबलं गेलं नाही. त्याला मनातून गुदगुल्या झाल्या. त्याने एक काच काढली, तरी काही नाही. मग सगळ्या काढल्या, वात मोठी केली. एवढ्या उजेडाला नवखा विद्यार्थीही दचकून बटण दाबी. आत फक्त खुर्ची करकरली. शेवटी त्याने झडपेची फट हातानेच दिव्यासमोर धरून ठेवली. बऱ्याच वेळाने बटण दाबलं गेलं, तेही चाचपडत.

"ट्रेगर," आतून हाक आली. तो वर्गातला आवाज नव्हता. "आज फारच अंधुक लावलात. धुकं असावं तसं दिसतंय."

आल्बिनचा राग जागच्या जागी विरला. फ्राउ प्रोफेसर हल्ली रोज साहेबांचा हात धरून त्यांना दारापर्यंत सोडायला येत, आणि सगळं गाव या वयातल्या त्या प्रेमाचं कौतुक करी. त्यानेही केलं होतं.

"यंत्रातच काही बिघडलं असेल, नाही का हो?" साहेबांनी विचारलं. ते विनवत होते.

"दिव्यात तेल कमी होतं, प्रोफेसरसाहेब. माझीच चूक."

त्याने बनात ओरबाडून काढली, सगळ्या काचा चढवल्या आणि झडप सोडली. टक् झालं. बटण तत्काळ दाबलं गेलं.

"आता कसं," साहेब म्हणाले. "बघा, माझ्यात काही बिघाड नव्हता."

"छे, मुळीच नव्हता," आल्बिन म्हणाला. त्याला रडू येत होतं.

वसंतात त्याला पदवी मिळाली, वर उत्तम असा शेराही. लग्नानंतर एकदा जेवताना त्याने ओटिलियाला सगळं सांगितलं. म्हाताऱ्याची दया आली म्हणून गप्प बसलो, म्हणाला.

ओटिलियाने बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "आणि गप्प बसला नसतात, तर आपलं लग्न झालं असतं का हो?"

टेबलावरचा दिवा चांगला प्रखर होता, तरी डॉक्टर ट्रेगरना उत्तर द्यायला फार वेळ लागला.