बॉबिन भरून येते

रेश्मानं वीस शब्द मोठ्यानं वाचले. कानात यंत्र लावून बसलेल्या अर्जुना आजोबांनी चार बरोबर सांगितले. अकरांना ते नुसते हसले, पाचांना "व्हय, व्हय" म्हणाले.

"काढ हे. कानात नुसती फोडणी तडतडती," म्हणत त्यांनी यंत्र उशाखाली सारलं.

उद्या सकाळी रेश्मा नोकरीसाठी पुण्याला निघणार होती. ज्यांनी खांद्यावर बसवून तिला सारं माधवनगर दाखवलं, त्या आजोबांना हे अजून कळलंच नव्हतं. लिहून द्यावं तर वाचायला ते कधी शिकले नव्हते.

तेवढ्यात लालासाहेब आले. गिरणीत आजोबांच्या शेजारचा माग त्यांचा. दारातूनच त्यांनी आवाज न काढता तोंड उघडमीट केलं.

"तापवतो की बंब!" आजोबा खो खो हसले. "रेश्मा, च्या टाक."

रेश्मा लालासाहेबांकडे वळली. "आवं आबा, तुमी तर बोललाच न्हाई!"

"गिरणीत कोण बोलतंय, पोरी?" लालासाहेब म्हणाले. " दोनशे माग धडधडायचे. ओठावर दिसंल त्योच शब्द. च्याला बंब. सायब आला की बोका. अन् पाठीमागनं हाक मारायची न्हाई, म्होरं यायचं."

तिनं स्वतःशी म्हणून पाहिलं. 'बंब', 'बोका' म्हणताना ओठ मिटून उघडत होते. 'चहा'ला ते मिटतच नव्हते.

"आन् कुणी गाव सोडून चालला तर?"

"सोडून जातो म्हणायचंच न्हाई. बॉबिन भरून येतो, म्हणायचं. म्हंजी सूत भरून परत मागावर." लालासाहेब म्हणाले. "गिरणी बंद झाली त्या दिवशी समदे त्येच म्हणाले."

चहा झाल्यावर त्यांनी तिला परसात नेलं आणि एकेक बोल घोटून घेतला. "तोंडात पान धरलंयस व्हय? उघड की!"

संध्याकाळी रेश्मा आजोबांच्या समोर बसली. आवाज न काढता गिरणीचे वीस बोल म्हणाली, आजोबा एकेक ओळखून सांगत गेले. विसावा होता: पुण्याला निघाले, बॉबिन भरून येते.

मग आजोबांनीही तोंड उघडलं, आवाजाशिवाय, माग चालू असल्यासारखं.

पळ. बोका बघंल.

वीसपैकी सतरा.