पेन्सिलीच्या तारखा

मित्रांनो, साउथहॅम्प्टनच्या एका घरात, जिन्याजवळच्या भिंतीवर लटकणारं मी एक जुनं चित्र आहे. माझ्यात नदी आहे, काठावर मध्ययुगीन मठाच्या पडक्या कमानी आहेत आणि दोन गाई आहेत. १८४३ साली एका कारागिराने मला पोलादी पत्र्यावर उलटं कोरलं, रेघांत शाई भरली आणि वर ओलसर कागद दाबला. अशा छपाईत शाई कागदावर किंचित उंच राहते. बोट फिरवलं की रेघ न् रेघ कळते.

पुढे मी पेनफोल्ड कुटुंबात आलो. ही मंडळी दर उन्हाळ्यात तोच मठ पाहायला जात. घरी आल्यावर मिसेस पेनफोल्ड माझ्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने तारीख आणि एक ओळ लिहीत. ‘जुडिथ सहा वर्षांची. बूट नदीत गेला.’ मग त्या वारल्या. लेक जुडिथ कॅनडात गेली. घर आवरताना सगळे कागद गेले. आईचं अक्षर उरलं ते फक्त माझ्यावर.

२००४ मध्ये म्हातारे पेनफोल्ड वृद्धाश्रमात निघाले. शेजारच्या डॉक्टर शशिकांतांना म्हणाले, “जुडिथ येईपर्यंत हे सांभाळा. तिला हवंय.”

डॉक्टरांच्या पत्नी सुप्रभाताईंना मी पहिल्यापासून आवडलो नाही. “अहो, पडकी वास्तू कशाला घरात? त्यात हे तपकिरी डाग!”

“अगं, लोकांची ठेव आहे. परत देताना चांगली नको दिसायला?”

या घरात पदव्या, देवांचे फोटो, लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट केलेली होती. डॉक्टरांनी मला लंडनजवळच्या इल्फर्डला, ओळखीच्या राजीवच्या लॅमिनेशनच्या दुकानात नेलं.

“डॉक्टरसाहेब, हे मशीनमध्ये मावत नाही. कडेला काहीतरी लिहिलंय, वाचलंत का?”

“पोराटोरांनी गिरगटलं असेल. काप की!”

चार कात्रणं कचऱ्याच्या डब्यात पडली. मग एकशेदहा अंशांपर्यंत तापलेल्या दोन रुळांमधून मी गेलो. उंच रेघा सपाट झाल्या. प्लास्टिक कागदाच्या तंतूंत घुसलं. ते आता निघणार नाही.

२००६ मध्ये जुडिथ आली. तिने आधी मला पालथं केलं, मग सुलटं. नखाने कडा चाचपल्या.

“इथे आईने लिहिलेलं होतं.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “मला वाटलं... पण आता शंभर वर्षं याला काही होणार नाही.”

“तुम्हीच ठेवा,” ती म्हणाली. चहाही न घेता गेली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला इथे टांगलं. मित्रांनो, दुर्लक्षाने माझ्यावर डाग पडले, पण घात केला तो काळजीने. मला कोरडी जागा आणि थोडा अंधार पुरला असता. कोणी वस्तू सांभाळायला दिली, तर ती सुधारू नका. आधी विचारा. नाहीतर मळलेली, गिरगटलेली, आहे तशीच परत द्या.

पाहुणे माझ्यासमोर थांबतात आणि म्हणतात, “वा, काय चकचकीत ठेवलंय!”

डॉक्टर त्यांना चहाला आत बोलावतात.