पाट आणि टेप

रोहिणी चहा टाकायला आत वळली, तशी शांतीने पदराखालून टेप काढली. धाकट्या जावेच्या हॉलमधली एक लादी तिने घाईघाईने मोजली. दोन बाय दोन. मग भिंतीला टेप लावणार, तोच आतून बांगड्या वाजल्या. टेप खाडकन मिटली, बोटाला चावली, आणि शांतीने ती सोफ्याच्या उशीखाली कोंबली. चहात साखर बक्कळ होती, पण तिला तो कडू लागला.

अंगणाच्या अलीकडे थोरल्याचं कौलारू घर, पलीकडे धाकट्याचं स्लॅबचं. धाकटा दीर महिपती नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जायचा. त्याने घर बांधलं याचं शांतीला काही नव्हतं, निदान ती तसं सांगायची. पण दोन वर्षांपूर्वी हॉल मोठा म्हणून घरचा गणपती तिकडे गेला, आणि तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखत होतं त्यावर ओवा चालत नव्हता. सासऱ्यांनी जाण्याआधी निवाडाही काय दिला, तर देव धाकटीच्या हॉलमध्ये बसेल, नैवेद्य मात्र रीतीप्रमाणे थोरलीच्या चुलीवरचा. म्हणजे भारीतली साडी नेसून आरतीला उभी राहणार ती, आणि धुरात घामाघूम होऊन मोदक वळणार ही. वा रे न्याय.

आता रस्त्यात गेलेल्या शेताच्या तुकड्याचे तीन लाख बँकेत आले होते. पाऊस लागायच्या आत घर नीट करून घ्यायचं ठरलं. संध्याकाळी जनू गवंडी ओटीवर बसून कशाला किती लागतील ते सांगत होता आणि शांतीचे यजमान हैबतराव मान डोलावत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्वयंपाकघरावरची कौलं गळतात, जमीन उखणलीय, मोरीचं पाणी तुंबतं. आधी ते करू, उरतील त्यात बाहेरच्या खोलीला रंग काढू.

शांतीने ऐकून घेतलं आणि मधली भिंत दाखवली. ही पाडायची. स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीत घेतलं की ती रोहिणीच्या हॉलपेक्षा हातभर मोठी होते. लाद्या दोन बाय चारच्या. रोह्याच्या दुकानात तिने त्या बघूनही ठेवल्या होत्या. वर पीओपी, आणि मखराच्या कोपऱ्यात वेगळे दिवे.

"आणि रांधायचं कुठं?" हैबतरावांनी विचारलं.

मागच्या पडवीत, शांती म्हणाली. गॅस आणि दोन फळ्या. तिला एकटीला कितीशी जागा लागते?

"पडवीत म्हैस होती गो. तिलाबी पुरत नव्हती."

जनू हसला, मग शांतीकडे बघून कागदावर आकडे मांडू लागला. तिने सांगून टाकलं, पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर ते हेच काम. देव आपल्या घरी परत आला पाहिजे. ते बोलताना तिने डोळ्यांना असा पदर लावला की हैबतरावांनी पुढे वाद घातला नाही. उद्या सकाळीच भिंतीला हात घालतो, जनू म्हणाला, फक्त काल ओटीवर विसरलेली त्याची टेप कुठे दिसत नव्हती. शांती दिवा लावायचं निमित्त करून आत गेली.

सकाळी जनूने भिंतीवर पहिला घाव घातला. बाहेरच्या खोलीतून तो आवाज झाला आणि रोहिणी अंगण ओलांडून आली. तिच्या दोन्ही हातांत गणपतीचा पाट होता. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की हा पाट पेणला मूर्तीच्या कारखान्यात द्यायचा आणि त्याच्यावर घडवलेला गणपती चतुर्थीला आणायचा, ही घराची रीत. पाट ज्याच्या घरून जाईल, त्याच्या घरी देव. पाटावर टेप ठेवलेली होती.

शांतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोहिणीने मात्र टेपचं काही विचारलं नाही. ती थेट स्वयंपाकघरात शांतीपाशी येऊन उखणलेल्या जमिनीवर बसली आणि पाट पुढ्यात ठेवला.

"यंदा देव तुमच्याकडंच बसवा, ताई. मला नाय जमत."

टोमणाच असणार, शांतीला वाटलं. "का गो? एवढा मोठा हॉल हाय की."

"निस्ता हॉलच हाय." रोहिणीने पाटाची कड पदराने पुसली. "देव बसला की सगळ्या बायका इकडं तुमच्याभोवती. मोदक वळायच्या, हसायच्या, सासवांना नावं ठेवायच्या. माझा पोरगा साईराजसुद्धा इथंच. मी तिकडं समईत तेल घालीत एकटी. मला तुमचा लय राग यायचा. देव दिलात, पण चूल ठेवून घेतलीत."

शांतीने वर कौलांकडे पाहिलं. हा धूर, ही गळकी कौलं, हा घाम. यात हेवा करण्यासारखं काय होतं? आणि तरी तोंडात गुळाचा खडा विरघळावा तसं तिला झालं. हिला आपला हेवा वाटतो. दोन वर्षं वाटतोय, आणि तोही त्या हॉलमध्ये बसून.

"देव इथं असला म्हंजे मीबी मोदकाला बसेन," रोहिणी म्हणाली. "इथंच, तुमच्या बाजूला." मग भिंतीचा पडलेला गिलावा बघून तिने विचारलं, "हे काय पाडताव?"

भिंतीपलीकडे जनू दुसरा घाव घालायच्या बेतात होता.

"जनू, थांब," शांतीने हाक दिली.

तिने टेप बाजूला सारली आणि पाट उचलून मांडीवर घेतला. याच्यासाठी ती दोन वर्षं जळली होती. थोडा वेळ तिने तो तसाच धरून ठेवला, आणि मग रोहिणीच्या हातात परत दिला.

"देव राहू दे तुझ्याकडं. तुझा हॉल मोठा हाय. समईपाशी भावजींना बसव, नि तू इकडं ये."

रोहिणीचे डोळे भरले. ती पाट छातीशी धरून अंगणातून जाईपर्यंत शांती दारात उभी होती, चेहरा अगदी मायेचा करून.

मग ती वळली. हैबतराव विचारत होते, आता नक्की करायचं तरी काय? शांतीने टेपचं एक टोक जनूच्या हातात दिलं.

"मागची पडवी आत घे," ती म्हणाली. "तिच्या हॉलपेक्षा हातभर मोठं झालं पाहिजे स्वयंपाकघर."